उजव्या वळणावर जाणारा दिवा

आधीच सांगून ठेवतो... या सदरात येणारे अनुभव मी दर महिन्याला न चुकता वाचतो, आणि वाचून झाले की बायकोला म्हणतो, "यांना बहुतेक पित्ताचा त्रास असावा." भुतंखेतं, चकवा, अंगात येणं, स्वप्नात दिसणं — यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. तरुणपणी तर नव्हताच नव्हता. तेव्हा माझा विश्वास होता तो एका छोट्या बल्बवर. दोन तारा जोडलेला, खिशात मावणारा. तारेत वीज असली की तो पेटायचा, नसली की नाही. असेल किंवा नसेल... मधलं काही नाही.

तरीही आज लिहायला बसलोय, कारण परवा हीच मला म्हणाली, "दुसऱ्याच्या गोष्टीले हासता, मंग आपली काऊन नाही सांगत?"

तर आपली सांगतो.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं, कारभार नागपूरहून चालायचा. मी नांदुऱ्याला मामाकडे राहत होतो. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे मामा हाच बाप आणि मामाच पालक. नामदेवराव त्यांचं नाव. सरकी-ढेपेचा व्यापार, भरघोस मिश्या आणि आवाज असा की स्टेशनावर बोलले तर गाडीतल्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढावं. मी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत विजेचं काम बघायचो. गावात घरोघरी कंदीलच होते, पण जिनात स्वतःचा डायनॅमो होता. त्याच्या तारा, त्याचे दिवे, त्याचे रुसवे-फुगवे — सगळं माझ्याकडे.

आणि मामाकडे एक मोटारसायकल होती. विलायती, जुनी, काळी. एक गोरा साहेब बदली होऊन जाताना विकून गेला होता आणि मामांनी हौसेने घेऊन टाकली. चालवता मात्र त्यांना येत नव्हती. मी चालवायचो आणि मामा मागे एका हाताने माझा खांदा, दुसऱ्या हाताने टोपी धरून बसायचे. सगळं गाव तिला फटफटीच म्हणायचं. इंजिन एकदम ठणठणीत. एका लाथेत सुरू व्हायची.

दुखणं फक्त दिव्याचं.

म्हणजे कसं... संध्याकाळी चाललोय, समोरचा दिवा छान पिवळाधम्मक पडलाय, आणि मधेच — गप्प. काळोख. मी ब्रेक दाबतोय, मामा मागून ओरडतायत, आणि तेवढ्यात दिवा आपोआप परत येतो! काहीच झालं नाही अशा थाटात. घरी आणून अंगणात उभी केली की मात्र रात्रभर ठेवा पेटता, डोळासुद्धा मिचकावणार नाही.

विजेचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, साफ बिघडलेली वस्तू परवडते. बिघडून परत सुधारणारी माणसाला वेडं करते. मी बल्ब बदलला. बॅटरीची टोकं पांढऱ्या बुरशीने भरली होती, ती गरम पाण्याने धुऊन, घासून लख्ख केली. आत ॲसिड कमी होतं, त्यात शुद्ध पाणी घातलं. डायनॅमो उघडला, आतले कार्बन झिजले होते, जिनातल्या जुन्या मोटारीचे कार्बन घासून-घासून त्या मापाचे केले, कारण लढाईमुळे नवीन सुटा भाग मिळणं म्हणजे स्वप्नच. स्विच खोलला, त्याच्या पितळी पट्ट्या कानस मारून साफ केल्या. दिव्याची एक तार गाडीच्या अंगाला, लोखंडाला जोडलेली असते, तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी मामांना सांगायचो, "आता झालं." आणि प्रत्येक वेळी तो दिवा मला रस्त्यात तोंडावर पाडायचा.

"काहाडून टाक तो दिवा," मामा म्हणायचे. "मी मागं कंदील धरून बसतो. तो तरी इमानदार आहे."

पण माझ्या डोक्यातून तो जात नव्हता. खरं सांगतो, जेवताना भाकरीच्या गोल कडेवर बोट फिरवत मी तारांचा रस्ता आठवत बसायचो. मामी म्हणायची, पोराचं लग्न करा आता.

त्यातूनच अमडापूरचं स्थळ निघालं.

मुलीचे वडील गणपतराव. बऱ्यापैकी शेती, चांगलं घर, माणूस सरळ. मुलीची आई वारलेली, घर त्यांची विधवा बहीण — मुलीची आत्या — सांभाळायची. लढाईमुळे पेट्रोल कुपनांवर मिळायचं, मामांनी ती जपून ठेवलेली होतीच. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही दोघं नांदुऱ्याहून निघालो, खामगाव केलं, घाट चढलो आणि ऊन डोक्यावर यायच्या सुमारास अमडापुरात शिरलो. भर दिवसा, हे लक्षात ठेवा. दिवा लावायचा प्रश्नच नव्हता. वाटेत कोणाशी बोललो नाही. आणि दिव्याचं दुखणं नांदुऱ्याबाहेर कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

गाडी गणपतरावांच्या अंगणात लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवली. हातपाय धुतले, बैठकीत बसलो. गणपतरावांच्या शेजारी त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त रहीमभाई बसले होते. पिंजारी होते ते, आख्ख्या पंचक्रोशीच्या गाद्या त्यांनी भरलेल्या. या घरात कुठलीही मोठी गोष्ट ठरायची असली की ते हजर.

मुलगी आली. चिवड्याच्या बशा घेऊन आली आणि समोरच्या पाटावर बसली. मी तिच्या उजव्या हाताला होतो. तिने मामांकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं... माझ्याकडे मात्र एकदाही नाही. मी मनात म्हटलं, चला, नापसंत झालो.

"नाव काय बाई तुहं?" मामांनी विचारलं.

"वच्छला."

"शिकली किती?"

"चौथी पास."

"सैपाकपानी?"

"येते."

झालं, एवढंच असायचं तेव्हा. मामा खुशीत होते, चिवडाही झणझणीत होता. म्हणून उठायच्या आधी त्यांनी सहज, गमतीने विचारलं, "आता तुले काही इचाराचं आहे का पोराले?"

असं मुलीला कोणी विचारत नसे. आणि विचारलंच तर मुलगी मान खाली घालत असे. हिने घातली नाही. समोरच्या भिंतीकडे बघतच ती म्हणाली,

"तुमच्या फटफटीचा दिवा बरा झाला का?"

मी चिवड्याचा घास तसाच धरून बसलो. वाटलं मामांनी सांगितलं असेल. मामांकडे पाहिलं तर ते माझ्याकडे पाहत होते... त्यांना वाटलं, मीच सांगितलं.

"कोनता दिवा?" मी विचारलं.

"समोरचा. उजवीकडे वळलं की जाते ना तो?"

वाचकहो, इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. दिवा उजवीकडे वळल्यावर जातो, हे मलाच माहीत नव्हतं! कधी लक्षातच आलं नव्हतं. पण तिने म्हटलं आणि मला एकेक जागा आठवायला लागली. मलकापूर रस्त्याचा पूल — उजवं वळण. जिनाच्या मागची गल्ली — उजवीकडे. मामा ओरडले होते ती बाभळीजवळची जागा... उजवीकडेच. आणि घरी अंगणात मी गाडी नेहमी कट्ट्याला टेकवायचो, हँडल डावीकडे वळवून. म्हणून तिथे दिवा कधी जात नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही... कसा सांगू, उत्तर समोर दिसल्यावर येतो तसा.

"अन्?" मी पुढे सरकून विचारलं. "काऊन जाते?"

"वच्छे!" गणपतराव ओरडले. पण ती बोलून मोकळी झाली होती.

"गाडीची मान जिथं वळते, तिथं पिवळी तार आतून तुटली. वरून साबूत दिसते."

दारात उभ्या असलेल्या आत्याने पदर तोंडाला लावला. गणपतरावांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. ते हात जोडून मामांना म्हणाले, "नामदेवराव, पोरगी लहान आहे... काहीबाही बोलते. मनावर घेऊ नका."

"तुले कोनं सांगतलं हे?" मी तिला विचारलं.

"कोनंच नाही." ती पाटावरून उठली. "मले काय माहीत. तोंडातून निघालं."

आत्याने येऊन तिला आत नेलं.

मी उठून अंगणात गेलो. हत्यारांची पिशवी गाडीलाच असायची. ती सोडवतोय तोच मामा मागून आले आणि माझा हात धरला.

"खोलू नको बे."

"काऊन?"

"डोकं चालव जरा. खोटं निघालं तर पोरगी येडी ठरते. खरं निघालं तर पोरीले बाधा आहे म्हनतीन. दोन्हीकून तिचीच इज्जत जाते. मंग कायले खोलतं? चहा पी, रामराम कर, अन् चाल."

मामा आवाजाने दांडगे होते, पण मनाने असे होते. मला त्यांचं म्हणणं पटलं. एका मिनिटापुरतं पटलं. पण मागे वळून पाहिलं तर ओट्यावर गणपतराव आणि रहीमभाई दोघेही येऊन उभे, आणि गणपतरावांची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर. न खोलता निघून गेलो असतो तरी तो माणूस काय समजायचं ते समजलाच असता. आणि... खोटं कशाला बोलू, मला ती तार बघायचीच होती. लग्न राहिलं बाजूला!

खोललं.

हँडल फिरतं त्या जागेला आम्ही मान म्हणतो. टाकीखालून येणाऱ्या सगळ्या तारा तिथून दिव्यात जातात. त्या सगळ्यांवर मिळून एक काळं कापड गुंडाळलेलं होतं, साहेबाच्या काळापासूनचं, तेल पिऊन चामड्यासारखं झालेलं. ते मी कधीच काढलं नव्हतं, कारण दोन्ही टोकांना तारा घट्ट होत्या आणि वरून सगळं शाबूत होतं. तारांची जी टोकं बाहेर दिसत ती तर सगळीच काळी. कुठली कुठल्या रंगाची, देवाला ठाऊक.

चाकूने कापड उभं चिरलं. आत तेल पोचलेलं नव्हतं. एक लाल तार, एक काळी... आणि एक पिवळी. नवीकोरी वाटावी अशी हळदीसारखी पिवळी.

ती दोन बोटांत धरली आणि दाबत गेलो. मानेच्या अगदी समोर बोट आत गेलं. वरचं आवरण अखंड, आत तांबं तुटलेलं. हँडल डावीकडे केलं की दोन्ही टोकं एकमेकांना भिडायची. उजवीकडे केलं की तार ताणली जायची आणि टोकं सुटायची. माझा खिशातला बल्ब लावून पाहिला. डावीकडे — पेटला. उजवीकडे — विझला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे... किती वेळा केलं कोण जाणे. मामा वाकून बघत होते.

तेवढा तुकडा कापून टाकला, पिशवीतल्या तारेचा जरा ढिला जोड दिला, पट्टी गुंडाळली. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दिवा जळतोय तो जळतोय.

मग उभा राहिलो आणि ओट्याकडे बघून जे होतं ते सांगितलं. "तार आतून तुटेल होती. पिवळीच निघाली."

गणपतरावांनी डोळ्यांना उपरणं लावलं. आतून आत्याने हुंदका दिल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आणि मग रहीमभाईंनी दाढीवरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले,

"अरे गणपत, रोता कायको? बाधा तो फटफटी को थी! पोरीनं उतरवली. इसमें पोरी का क्या कुसूर?"

मामांचं हसू फुटलं. मामा हसले म्हणजे लिंबावरचे कावळे उडायचे. ते हसले तसे गणपतराव हसले, आत आत्या हसली, मी तर केव्हाचा हसू दाबून उभा होतो. मग चहा झाला. सगळं गोड झालं.

पण निघताना मामा म्हणाले, "बरं मंग... कळवतो."

"कळवतो" म्हणजे काय ते आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. गणपतरावांनाही कळलं. त्यांनी मान डोलावली आणि आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आले. दिवेलागणीची वेळ झाली होती.

घाटाच्या दिशेने निघालो. दिवा स्वच्छ, स्थिर. मी तर गाणं म्हणायच्या बेतात होतो. मामा मागून माझ्या कानात ओरडून समजावत होते, "पोरगी चांगली आहे, मी नाही कुठी म्हनतो? पन घरात आनून ठेवली अन् रोज असंच सांगाले लागली तं? तुह्या मनात काय चालून राह्यलं ते बी तिले समजन!"

"बरंच आहे की," मी ओरडून म्हटलं. "सांगायचा तरास नाही!"

"येडा आहेस बे तू!"

असं चाललं होतं. अंधार पडला. घाटाचा उतार सुरू झाला, आणि ते वळण आलं. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल दरी. उजवं वळण. मी हँडल वळवलं आणि माझे दोन्ही हात आपोआप आवळले गेले, कारण इतक्या दिवसांची सवय... आता जाणार, आता जाणार.

दिवा गेला नाही.

दिव्याच्या उजेडात समोर, रस्त्याच्या बरोबर मध्ये, आडवी बैलगाडी! खामगावच्या बाजाराला निघालेली कापसाची गाडी. चाक निखळून कलंडलेली, अर्धा कापूस रस्त्यावर सांडलेला, बैल सोडून बाजूला बांधलेले, आणि चाकाला पाठ टेकून गाडीवाला आणि त्याची बायको फडक्यातली भाकरी खात बसलेले. त्यांचा कंदील केव्हाच विझलेला. दोघांचे डोळे माझ्या उजेडात चमकले. बाईचा घास हातात तसाच.

मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि कापसाच्या ढिगात पुढचं चाक रुतवून उभी राहिली. मी कसाबसा सीटवर टिकलो. मामा टिकले नाहीत. ते माझ्या डोक्यावरून गेले असं मी म्हणतो, खांद्यावरून गेले असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले... काही असो, ते गेले आणि कापसात नाहीसे झाले. नुसते पाय दिसत होते.

"मामा!"

ढिगातून आवाज आला, "टोपी पाह्य माही."

मी आणि गाडीवाल्याने त्यांना ओढून बाहेर काढलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. मिश्यांमध्ये, भुवयांमध्ये, कानात कापूस. गाडीवाल्याची बायको आधी रडायला लागली आणि मग मामांकडे बघून तिला हसू आवरेना. दिव्याच्या उजेडात आम्ही चौघांनी मिळून गाडी रेटून कडेला घेतली, चाक बसवायला मदत केली, कापूस भरला. मामा अधूनमधून दिव्याकडे बघत होते. मग त्या वळणाकडे. मग त्या दोघांकडे.

शेवटी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "दत्ता, फटफटी वळव."

"कुठं?"

"अमडापूरले. अजून कुठं?"

"मामा, पेट्रोल पुरनार नाही परत यायले."

"नाही पुरलं तं नाही पुरलं!"

अमडापूरला पोचलो तेव्हा जेवणं चालली असावीत. आमचा आवाज ऐकून गणपतराव कंदील घेऊन धावत बाहेर आले, त्यांना वाटलं अपघात झाला. अंगणात मामा उभे, मिश्यांत कापूस तसाच.

"काय झालं नामदेवराव? काही राह्यलं का?"

"हाव," मामा म्हणाले. "राह्यलं. पोरगी पसंत आहे हे सांगायचं राह्यलं."

गणपतरावांनी कंदील खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पन ते दुपारचं..."

"ते असू द्या. आमच्या घरी असं मानूस पाह्यजेच कोनी. आमचं तं आमाले काहीच दिसत नाही."

मग त्यांनी घाटातलं सगळं सांगितलं, हातवारे करून, कापूस उडवून दाखवत. रहीमभाईंना बोलावणं गेलं, ते आले आणि मामांच्या मिश्या पाहून म्हणाले, "एवढ्या कापसात एक उशी निघते. बसा, मी भरून देतो." रात्री तिथेच मुक्काम केला. आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल नसल्यामुळे सोयरीक ठरवलेली ही वरपक्षाची मंडळी बैलगाडीत फटफटी आडवी टाकून खामगावपर्यंत आली. रस्त्यावरचा जो तो थांबून विचारत होता. मामा प्रत्येकाला सांगत होते, "पोराचं लग्न जमलं!" जणू त्याचा आणि आडव्या फटफटीचा उघड संबंध होता.

लग्न झालं. आता तुम्ही म्हणाल, बायकोला विचारलं असेलच. विचारलं नाही होय! पहिलं वर्ष तर मी तिच्या मागेच लागलो होतो. स्वप्न पडलं होतं का? नाही. कोणी आवाज दिला? नाही. आधी कुठे फटफटी पाहिली होती? त्या दिवसाआधी कधीच नाही, आणि त्या दिवशीही चुलीपाशी बसून नुसता तिचा आवाज ऐकला होता. बल्ब, बॅटरी, तार — तार म्हणजे तिला कपडे वाळत घालायची आणि पोस्टातली, एवढ्याच ठाऊक.

"मंग पिवळीच काऊन म्हनली?"

"निळी आली नाही तोंडात."

मी तिच्या परीक्षाही घेतल्या. जिनातली बंद पडलेली मोटार दाखवली... म्हणाली, "मले तं चांगली दिसते." पुढे घरी रेडिओ आला, तो बिघडला तेव्हा तिला समोर बसवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "याच्यावरची धूळ पुसा." टॉर्च, पंखा, पंप — एकदाही, एकदाही तिचं काही बरोबर आलं नाही. मामा शेवटपर्यंत वाट पाहत होते की सूनबाई काहीतरी सांगेल. सरकीचे भाव तरी सांगेल. नाही सांगितले.

एक गोष्ट मात्र आत्याने सांगितली. लग्नानंतर पहिल्या सणाला आम्ही अमडापूरला गेलो होतो, तेव्हा भाकरी थापता थापता, सहज. त्या दिवशी सकाळी वच्छी उठली तीच मान अवघडून. डावीकडे वळायची, उजवीकडे म्हणून वळेना. शेक दिला, तेल चोळलं, काही उपयोग नाही. पाहुणे येणार आणि पोरीची मान वाकडी, म्हणून आत्याच्या जिवाला घोर. बैठकीतसुद्धा ती तशीच बसली होती. मग आत नेल्यावर ती आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि रडता रडता मधेच थांबली. "आत्या, मान मोकळी झाली वं," म्हणाली आणि सरळ उजवीकडे मान वळवून खिडकीतून अंगणात पाहिलं.

अंगणात तेव्हा मी पट्टी गुंडाळून हँडल फिरवून बघत होतो.

हे ऐकल्यावर मी आत्याला पुन्हा पुन्हा विचारलं — आधी मान मोकळी झाली की आधी मी तार जोडली? आत्या म्हणाली, "बाप्पा, मी काय घड्याळ घेऊन बसली होती का?"

योगायोग म्हणावा तर किती योगायोग एकावर एक ठेवायचे? उजवं वळण एक, मानेची जागा दोन, पिवळा रंग तीन... आणि तो रंग तर कापड चिरेपर्यंत जिवंत माणसांपैकी कोणी पाहिलेलाच नव्हता. दुसरं काही म्हणावं तर माझ्या खिशातला तो बल्ब आड येतो. मी आजही भुतंखेतं मानत नाही. पण ही एक गोष्ट कुठल्या खणात ठेवायची ते मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काल संध्याकाळी तिला वाचून दाखवलं. तांदूळ निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं लिवलं. मामांजींच्या पायाचं तं लय चांगलं."

"तुला काही सांगायचं आहे का? असेल तर घालतो."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "सारी जिंदगी तुमी मले तारेचंच इचारत राह्यले. एकडाव तरी इचारलं का, का मी तुमाले पसंत काऊन केलं?"

मी चष्मा काढला. खरंच नव्हतं विचारलं.

"मग आता विचारतो. काऊन केलं?"

ती सूप घेऊन उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि मागे न बघता म्हणाली, "मले काय माहीत."

आणि आत जाऊन बराच वेळ हसत होती.

तेव्हा वाचकहो, तार असो की ही दुसरी गोष्ट... दोन्हींचा उलगडा मला झालेला नाही. तुमच्यापैकी कोणाला झाला तर जरूर कळवा. आणि हो, हे "कळवा" मी मनापासून म्हणतोय, मामांसारखं नाही.